जड मालाला दोर कशाला?

"एवढ्या जोरात ब्रेक मारायची गरजच काय होती?"

आमचे वर्क्स मॅनेजर साठेसाहेब मला हे विचारत होते. बाळाराम भोईर तेव्हा हॉस्पिटलमध्ये पडलेला. डावा खांदा मोडलेला, तीन बरगड्या गेलेल्या. आणि साहेबांना काळजी कसली, तर ब्रेकची!

मी मानपाड्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. म्हणजे कामावर कोणाला इजा होऊ नये हे बघायचं, आणि झालीच तर का झाली याचा रिपोर्ट लिहायचा. बाळाराम आमचा टेम्पो ड्रायव्हर. दिवा गावाकडच्या खाडीकाठचा कोळी. एकोणीस वर्षं आमच्याकडे गाडी चालवत होता, पण कॉन्ट्रॅक्टवर. काढायचं ठरवलं तर एक फोन पुरे.

झालं असं होतं. तो लोखंडी प्लेटा घेऊन कल्याणला निघाला होता. गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर एका गल्लीतून सायकलवर शाळेतली मुलगी एकदम पुढ्यात आली. त्याने ब्रेक दाबला. गाडी मुलीपासून दोन हातांवर थांबली. मागच्या प्लेटा मात्र थांबल्या नाहीत. त्या सरकत आल्या आणि केबिनचा मागचा पत्रा आत घालून सीटवर आदळल्या. मुलीला ओरखडासुद्धा नाही. बाळारामला मात्र पत्रा कापून बाहेर काढावं लागलं.

"स्पीडमध्ये असणार तो," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. एवढं एक वाक्य लिहा मॅडम, विषय संपला."

एक वाक्य! त्या एका वाक्यावर त्याला मानपाड्यातच काय, अख्ख्या पट्ट्यात कोणी गाडीची चावी दिली नसती. मी मोजपट्टी उचलून बाहेर पडले. बोलले असते तर फार बोलले असते.

आधी रस्त्यावर जाऊन टायरचे डाग मोजले. लांब नव्हते. गाडी बेताच्याच वेगात होती. मग हॉस्पिटलमध्ये गेले. बाळारामला श्वास घेतानाही दुखत होतं.

"पोर आरवी आली वो मॅडम. बरेक नाय मारायचा तं काय करायचा? गारी थांबली. माल नाय थांबला."

आठवीच्या पुस्तकातला गतीचा पहिला नियम यापेक्षा सोपा करून मला कोणी सांगितला नव्हता. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, तिला कोणीतरी थांबवावं लागतं. ब्रेक चाकांना थांबवतो, चाकं गाडीला. प्लेटांना कोण थांबवणार?

निघताना त्याने विचारलं, "मना कामावरनं काढतील का?"

"मी बघते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कारखान्यात परत येऊन थेट डिस्पॅचला गेले. डिस्पॅच म्हणजे माल गाडीत भरून बाहेर पाठवणारं खातं. तिथला सुपरवायझर प्रदीप गाडीत रिकामे प्लास्टिकचे ड्रम भरून घेत होता. त्यांना नायलॉनच्या दोराने उभं-आडवं असं काही बांधलं होतं, की वादळात हलले नसते.

"आणि प्लेटा? त्या बांधल्या होत्या?"

"प्लेटा?" प्रदीप हसलाच. "अहो मॅडम, दोन टन माल! जड मालाला दोर कशाला? तो स्वतःच्याच वजनाने बसतो. हलणार कुठे?"

"बेल्ट कुठायत?" माल आवळायचे रुंद पट्टे मी स्वतः मागे लागून मागवले होते.

"स्टोअरमध्ये असतील. काढायचे तर स्लिपवर साहेबांची सही लागते ना. कोण सारखं वर जाणार?"

बेल्ट स्टोअरच्या वरच्या फळीवर होते. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, हा एकट्या प्रदीपचा शहाणपणा असता तर गोष्ट वेगळी. फोरमन तेच म्हणाला, क्रेनवाला तेच म्हणाला. हलकं बांधायचं, जड सोडायचं, ही आमच्याकडची रीतच होती. वर आणि प्लेटा गंजू नयेत म्हणून त्यांना तेल चोपडलेलं! बघायलाच नको.

साठेसाहेबांचंही मत तेच निघालं. "वजन जास्त, म्हणजे घर्षण जास्त. जड वस्तू सहजासहजी सरकत नाही. हे तर तुम्हीच सांगायला हवं मॅडम."

साहेब इंजिनिअर बरं का! म्हटलं, आता तोंडाची वाफ दवडायची नाही. कॅन्टीनमधून दोन सारखे चपटे स्टीलचे डबे आणले. एक रिकामा ठेवला, दुसरा नटबोल्टांनी गच्च भरला. साहेबांच्या टेबलावर एक फळी टाकून दोन्ही तिच्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"मी ही फळी एका बाजूने उचलते. आधी कुठला सरकेल?"

"रिकामा," साहेब म्हणाले.

"रिकामाच की," प्रदीप दारातून म्हणाला.

मी फळी हळूहळू उचलली. दोन्ही डबे एकदमच निघाले. भरलेला डबा साहेबांच्या टेबलावरून खाली धाडकन आपटला आणि नटबोल्ट केबिनभर झाले.

"पुन्हा करा," साहेब म्हणाले. पुन्हा केलं. तेच झालं.

"जड मालाची पकड जास्त असते, बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "पण त्याची पुढे जायची ओढही तेवढ्याच पटीने जास्त असते. हिशेब बरोबरीत सुटतो. ब्रेक मारला की जडही सरकणार, हलकंही सरकणार. फरक इतकाच, की रिकामा ड्रम पाठीला लागला तर माणूस शिवी देतो. दोन टन लागले तर शिवी द्यायला उरत नाही."

साहेबांनी पायाशी आलेला एक नट उचलून टेबलावर ठेवला. मला वाटलं, जिंकले. कसलं काय! त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशीची गाडीची चेकलिस्ट.

"'माल पक्का बांधला आहे.' समोर टिक आहे. खाली सही कोणाची?"

सही माझी होती. सकाळी गेटवर असे कागद एका गठ्ठ्याने यायचे आणि मी चहा पिता पिता उभ्या उभ्या सह्या करायचे. गाडीत वाकून बघितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही आणि, खरं सांगायचं तर, त्याआधीही क्वचितच.

"म्हणून म्हणतो," साहेब अगदी गोडीत आले. "ड्रायव्हरचा निष्काळजीपणा लिहा. तुम्हीही सुटलात, आम्हीही सुटलो."

मला भयंकर चीड आली. साहेबांची तर आलीच, पण त्याहून जास्त माझी स्वतःची. एका मुलीचा जीव वाचवला म्हणून माणूस हाडं मोडून घेऊन पडलाय, आणि आम्ही तिघं शिकलेले लोक केबिनमध्ये बसून त्याच्यावर बिल फाडतोय! लाज कशी वाटत नाही?

रिपोर्ट मी तिथेच, त्यांच्यासमोर लिहिला. चालकाने ब्रेक वेळेवर मारला, वेग योग्य होता, माल बांधलेला नव्हता. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात पहिलं नाव माझं घातलं. खाली प्रदीपचं. त्याच्याखाली साहेबांचं, कारण बेल्टच्या स्लिपला त्यांची सही लागत होती.

"मॅडम, हे तुम्हाला महागात पडेल."

"पडू दे. पण तुमचं नाव खोडायचं असेल तर माझंही खोडावं लागेल, आणि ते मी खोडणार नाही."

रिपोर्ट तसाच हेड ऑफिसला गेला. मला वॉर्निंग लेटर मिळालं, त्या दोघांनाही मिळालं. साहेब मी रिटायर होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. सहीची स्लिप बंद झाली आणि बेल्ट लोडिंगच्या जागीच टांगले गेले. चेकलिस्टवर मी पुढे गाडीत चढून बघितल्याशिवाय सही केली नाही. गाड्या उशिरा सुटायच्या, लोक मागून नावं ठेवायचे. ठेवोत.

बाळाराम साडेतीन महिन्यांनी कामावर आला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण गाडी चालवतो.

तुम्ही घर हलवताना टेम्पोत गाद्या-उशा आवळून बांधाल आणि कपाट नुसतंच उभं कराल. सगळेच करतात. उलटं करा. उशी रस्त्यात पडली तर उतरून उचलता येते.