हेमांगीनं सही केली नाही

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या हेमांगीला म्हटलं, पापलेट साफ करताना सुरी अशी धरायची. ती म्हणाली, आई, मी अशीच धरते. बावीस वर्षं झाली, अजून ती तिच्याच पद्धतीनं धरते. तिचं पापलेट माझ्यापेक्षा साफ निघतं, पण हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. सुनेला सगळंच सांगायचं नसतं.

मी तिसरी पास. हेमांगी बारावी, शिवाय खाडीपलीकडे बोरीवलीला तरीच्या बोटीतून जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा क्लास केलेला, तोही दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर. गोराईला आमच्या मच्छीमार सोसायटीत ती दहा वर्षं बर्फाची कुपनं फाडायच्या खिडकीत बसली. ह्या पाडव्याला जुने कारकून अंबादास रिटायर झाले आणि कॉम्प्युटर तिच्या हाती आला. तेव्हापासून कमिटीतल्या दोघा-तिघांच्या घशात काटा अडकलेला. बाईमाणूस खुर्चीत, आणि होड्यांचे मालक, नाखवे, तिच्यासमोर फॉर्म घेऊन उभे.

जूनपासून कॉम्प्युटर बंद पडायला लागला. रोज, दुपारी जेवणाच्या वेळी. हेमांगी परत येऊन बघते तर पडदा काळा. अर्धे भरलेले परवान्याचे फॉर्म गेलेले. एका नाखव्याची तर शेवटची तारीख हुकली. तो सगळ्यांसमोर तिला वाटेल ते बोलला.

बोरीवलीहून केतन नावाचा दुरुस्तीवाला आला. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, म्हणाला वीज देणारा आतला भाग गेलाय. नवीन बसवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पुन्हा काळोख. मग तो म्हणाला, मॅडम काहीतरी चुकीचं दाबतात.

झालं. सेक्रेटरी चंदरला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं एक कागद टाईप करून आणला, दुसरीकडून, कारण आमचा कॉम्प्युटर बंद होता. 'माझ्या हलगर्जीपणामुळे संगणक वारंवार बंद पडतो, तरी मला पूर्वीच्या कामावर पाठवावे.' शनिवारच्या मिटिंगआधी खाली सही करायची.

हेमांगीनं तो घरी आणून मला वाचून दाखवला. मी म्हटलं, बाय, मला नीट लिहिता येत नाही, पण न केलेल्या गोष्टीखाली मी आयुष्यात अंगठा दिला नाही. ती म्हणाली, मी कुठे करतेय? आणि कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्याकडेच घडू शकते. सोसायटीच्या ऑफिसात एकवीरा आईची तसबीर आहे. तिच्यासमोर मासळीचा डबा कोणी उघडत नाही. सगळे पडवीत बसून जेवतात. म्हणजे एक वाजल्यापासून आत कोणी नसतं. कॉम्प्युटर जातो कसा, हे दोन महिन्यांत कुणी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं.

बुधवारी माझा उपास, मला जेवायचं नव्हतं. मी हेमांगीचा डबा घेऊन गेले, तिला पडवीत बसवली आणि आत खुर्चीत जाऊन बसले. चंदर दारातून म्हणाला, काय आत्या, आता तुम्ही चालवणार? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा वाईट नाही चालवणार.

एक वाजला. यंत्र आपोआप गुरगुरायला लागलं. त्याला बॅकअप म्हणतात, हे मला हेमांगीनं समजावलेलं. पावसाळ्यासाठी आपण सुकट-बोंबील डब्यात भरून ठेवतो, तसं ते सगळ्या कागदांची नक्कल दुसऱ्या डब्यात भरून ठेवतं. मी बघत राहिले. वीसेक मिनिटांनी गुरगुर थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, एक गोल फिरला, मग काळोख.

मी पडवीत आले आणि म्हटलं, "लाईट जाते तसा तो गेला नाही गो. काम आटपलं, निरोप घेतला, मग गेला."

हेमांगीचा घास हातातच राहिला. म्हणाली, "आई, म्हणजे तो बिघडलेला नाही. त्याला कोणीतरी जायला सांगितलंय."

गुरुवारी तिनं बॅकअप बंद ठेवला. कॉम्प्युटर पाच वाजेपर्यंत ठणठणीत. शुक्रवारी सकाळी अकराला तिनं मुद्दाम स्वतः बॅकअप लावला. अकरा वीसला गेला. मग पुन्हा चालू करून त्या बॅकअपच्या आतल्या पानांत शिरली. सगळ्यात खाली एका चौकोनात बरोबरची खूण होती. पुढे इंग्रजीत लिहिलेलं, काम संपल्यावर कॉम्प्युटर बंद करा. तिनं खूण काढली. दुपारी पुन्हा बॅकअप झाला आणि यंत्र जागंच राहिलं.

खूण केली कोणी? संध्याकाळी आम्ही दोघी अंबादासांकडे गेलो. ते जाळं विणत बसलेले. ऐकून हसायला लागले. त्यांच्या वेळी पहाटेची मासळी म्हणून ऑफिस सहाला उघडायचं आणि एकला बंद व्हायचं. एकदा शिमग्याला ते कॉम्प्युटर चालूच ठेवून गेले, पाच दिवस तसाच. तेव्हा चंदरनंच त्यांना झापलं आणि हुकूम दिला की घरी जाताना यंत्र बंद झालंच पाहिजे. नक्कल होईस्तोवर उपाशी कोण थांबणार? त्यांनी ती खूण करून ठेवली. दार ओढायचं, जेवायला जायचं, ते आपलं आपण झोपायचं. जूनपासून ऑफिस पाचपर्यंत झालं, हे यंत्राला कोणी सांगितलंच नाही. माणूस रिटायर झाला, त्याची सवय तेवढी कामावर राहिली.

शनिवारी मिटिंगला अंबादास आपल्या पायानं आले आणि हेच सगळं बोलले. चंदरनं डोकं खाजवलं, म्हणाला, जाऊ दे हेमांगी, झालं गेलं विसरून जा, तू तुझं काम चालू ठेव. बाकीच्यांनी माना हलवल्या. चहा आला.

हेमांगीनं चहाला हात लावला नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "चंदरभाऊ, चूक माझी वाटली तेव्हा तुम्हाला लिहून पाहिजे होतं. आता माझी नाही, तर तेही लिहूनच द्या."

चंदर म्हणाला, घरातल्या घरात कशाला कागद. ती म्हणाली, पहिला कागद घरातलाच होता. आणि मिटिंगची वही त्याच्यापुढे सरकवली. मी मागच्या बाकावरून बघत होते.

शेवटी चंदरनं त्या वहीत लिहिलं, कॉम्प्युटर बंद पडण्यात हेमांगी यांचा काही दोष नव्हता. तिनं मोठ्यानं वाचून घेतलं, तारीख हुकलेल्या त्या नाखव्यालाही ऐकू जाईल असं, आणि त्याखाली चंदरची सही घेतली.

तो न सही केलेला कागद तिनं फाडला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, बॅकअप कधी होतो, किती वेळ चालतो, कुठली खूण करायची नाही. कॉम्प्युटरच्या शेजारी भिंतीला चिकटवला. मी अक्षरं जोडत जोडत वाचला, सगळा कळला. चंदर मात्र येता-जाता त्याच्याकडे बघत नाही. मागच्या बाजूला काय आहे, ते त्याला पाठ आहे.