मोडेमच्या गल्लीत

बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूपुढे उभे राहिले की नाना आधी तिच्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. मिक्सर असो, गंजलेलं कुलूप असो, नाहीतर पाण्याची मोटार. मग कान लावायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "घर शे तर दार शे." म्हणजे घर आहे तर दार असणारच. आतून जबाब आला नाही की खिशातून पक्कड निघायची. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या हातून वस्तू दुरुस्त होते की नाही, याला फारसं महत्त्व नसतं. तो आला की बघायला चार जण जमतात, एवढं खरं.

धरणगावात नानांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून निवृत्त झाले, पण पक्कड काही निवृत्त झाली नाही. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, आणि त्यांची दोस्ती अशी, की दोघांच्या भांडणात कुणी पडायचं नाही. पडलं, तर संध्याकाळी दोघे मिळून त्यालाच धारेवर धरायचे.

आबा गेले आणि मी पुण्याची खोली सोडून घरी आलो. आईने हे घर सोडायला साफ नकार दिला होता. कंपनीने घरून काम करू दिलं, अट एकच: रोज अकराच्या मीटिंगला हजर राहायचं. गल्लीत फायबर अजून पोचलं नव्हतं. आबांच्या जुन्या फोनच्या तारेवरच नेट यायचं, आणि ते बरोबर अकराला जायचं. साहेबांनी दोन आठवडे दम धरला. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत लाइन नीट करा, नाहीतर पुण्याला या." म्हणजे आईला इथे एकटी टाकून.

लाइन कधी तुटते याची नोंद मोडेमच्या स्वतःच्या पानावर असते, एवढं मला ठाऊक होतं. पण पुण्याहून आणलेला राउटर जोडताना मी मोडेमचा पूल, म्हणजे ब्रिज, करून टाकला होता. पूल झालेला मोडेम नेट नुसतं अलीकडे सोडतो, स्वतः कुणाशी बोलत नाही. त्याचा पत्ता टाकला की राउटरचंच पान उघडायचं. पहिल्या दिवशी तेच मोडेमचं पान समजून मी राउटरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलून बसलो. आईच्या मोबाइलवरचं कीर्तन ऐन रंगात थांबलं आणि मला यथेच्छ ऐकून घ्यावं लागलं.

तेवढ्यात नाना आले. मोडेमवर टकटक झाली.

"दोन्हीस्ना पत्ता काय शे?" त्यांनी विचारलं.

"एकच. १९२.१६८.१.१."

नाना हसायला लागले. "आरे, एक गल्लीमा दोन आबा. हाक मारी ते जवळनाच ओ देई ना."

आमच्या गल्लीत खरंच दोन आबा होते, माझे वडील आणि गिरणीवाले. एकदा गिरणीवाल्या आबांच्या मुलासाठी स्थळ घेऊन आलेले पाहुणे आमच्याकडे पोहे खाऊन, दोनदा चहा घेऊन बसले होते. नवरदेव म्हणून मी पुढे आलो तेव्हा मी सातवीत होतो.

"राउटरले दुसरी गल्लीमा ऱ्हावाले धाड," नाना म्हणाले. मी राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ केला. आता राउटरचं पान मध्ये येईना, पण मोडेमही ओ देईना. गल्लीबाहेरच्या माणसाशी तो बोलतच नव्हता.

"मंग तेन्ही गल्लीमा बी एक खोली ली दे राउटरले."

नानांनी राउटर जन्मात उघडून पाहिला नव्हता, पण तोडगा अचूक होता. मी राउटरच्या मोडेमकडच्या बाजूला १९२.१६८.१.२ असा दुसरा पत्ता दिला, आणि घरातून जाणारी हाक त्याच नावाने जाईल अशी सोय केली. पत्ता टाकला. मोडेमचं पान उघडलं.

"घर शे तर दार शे," म्हणत नाना चष्मा सावरून पुढे झुकले. नोंदी वाचायला लागले. ११:०० लाइन तुटली. ११:०६ जोडली. काल, परवा, रविवारीसुद्धा. नानांचं हसू मावळलं. "चहा नको," म्हणून ते उठून गेले.

लाइन रोज अकराला तुटते आणि नाना चहाला नाही म्हणाले, हे ऐकताच आईने कपाळावर हात मारला आणि सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी नानांनी आबांच्या तारेवरून भिंतीतून एक पॅरलल फोन आपल्या घरात ओढून घेतला होता. रोज अकराला दोघे आपापला रिसीव्हर उचलायचे आणि भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून फुकट गप्पा मारायचे.

"मग ओट्यावर बसून का नाही बोलायचे?" मी विचारलं.

"ओटावर मी आयकस ना," आई म्हणाली.

आबा गेल्यावरही नाना अकराला रिसीव्हर उचलत होते. उचलला की माझी लाइन तुटायची.

दुसऱ्या दिवशी अकराला नेट गेलं नाही. नानांनी आपल्याच पकडीने ती तार कापली होती. साहेब खूश झाले, माझं पुणं टळलं, आणि मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी जळगावहून फोनचा फिल्टर आणला, आमच्या फोनला होता तसाच. ही छोटी डबी लावली की बोलणं आणि नेट एकमेकांच्या आड येत नाहीत.

"काय करसूत आते जोडीसन?" नाना म्हणाले. "नुसता टोन वाजस."

"मग रोज काय ऐकत होतात?"

"तोच. तुन्हा आबा बी इतलंच बोले."

तार आम्ही दोघांनी मिळून जोडली.

मागच्या पौषात नाना गेले. त्यांच्या घराला कुलूप आहे. मोडेमचं पान मी अजून अधूनमधून उघडतो. फिल्टर लागल्यापासून अकराची नोंद नसते.

परवा रविवारी अकराला मी आमच्या फोनचा फिल्टर काढला, आबांचा रिसीव्हर उचलला आणि टोन थांबेपर्यंत कानाला धरून बसलो. आतून आईचा आवाज आला, "नेट गयं रे."

नेट गेलं तरी मोडेमचं पान उघडत होतं. खाली एक नवी ओळ आली होती: ११:०० लाइन तुटली.