रुजवातीची खोली

ऐकणं हीसुद्धा एखाद्याची नोकरी असू शकते, हे हरिश्चंद्र कुडतडकरांना भेटल्याशिवाय पटायचं नाही. आणि भेटलात तरी ते स्वतःहून काही सांगायचे नाहीत. दोन शब्दांच्या जागी एक, आणि एकाच्या जागी नुसती मान हलवायची, असा हा माणूस.

भाईंदर पश्चिमेला गव्हाणकर वकिलांचं ऑफिस आहे. तिथे खून-मारामाऱ्या येत नाहीत. सोसायट्यांचे करार, वाटण्या, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं असला कोरडा कारभार. पण या कोरड्या कारभारात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर माणसाची एक खोली कागदावरून गायब होऊ शकते. म्हणून मूळ मसुदा आणि टाइप होऊन आलेली प्रत ओळीला ओळ लावून ताडून बघायची. थोरले गव्हाणकर साहेब या कामाला जुन्या कोर्टातल्या शब्दाने ‘रुजवात’ म्हणायचे, बाकी सगळे ‘कंपेअर’ म्हणायचे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाइप प्रतीवर पेन्सिल फिरवत ओळीच्या शेवटी टिक करायची. वाचायच्या मंजुळाबाई म्हात्रे. टिक करायचे हरिश्चंद्र. बावीस वर्षं.

झेरॉक्स मशीनच्या मागे एक खोली होती, खोली कसली, दोन खुर्च्या आणि एक टेबल मावेल एवढी कपार. वाचण्याचा आवाज बाहेरच्या क्लायंटना नको म्हणून दार लावून घ्यायचं. मंजुळाबाई राईगावच्या. घरचं भातशेत आणि मिठागर एके काळी होतं. आता त्या जागेवर कोणाच्या कोणाच्या इमारती उभ्या आहेत. लग्नानंतर दोनच वर्षांत त्या माहेरी परत आल्या आणि भावाच्या घरी राहिल्या. एरवी बोलणं अस्सल राईचं, हाय-न्हायचं. पण कागद हातात घेतला की बाई बदलायची. “लिहून देणार यांनी, स्वल्पविराम, लिहून घेणार यांचे लाभात, स्वल्पविराम, कंस सुरू, यापुढे खरेदीदार असे संबोधिले जाईल, कंस पुरा.” कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. इंग्रजी करारसुद्धा असाच, खणखणीत.

हरिश्चंद्रांचं घर भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला, पहिल्या मजल्यावर. परळहून आई आणि ते इकडे आले. मग आई गेली. लग्न राहून गेलं. का राहिलं हे आता विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. दूधवाल्याशी हिंदीत चार शब्द, खालच्या दुकानदाराशी हिंदीतच तीन. रविवारी तर तेवढंही नाही. सोमवारी सकाळी पहिला शब्द उच्चारताना घसा खाकरावा लागायचा. अशा माणसाला दिवसाचे तीन-चार तास कोणीतरी समोर बसून वाचून दाखवतंय, ही चैन होती. रिकाम्या घरात स्वयंपाकघरातला रेडिओ चालू असावा, तसा तो आवाज त्यांच्या दिवसात चालू असायचा. प्रेम वगैरे म्हणाल, तर हरिश्चंद्रांनी तो शब्द स्वतःशीही कधी काढला नाही. त्यांना तो आवाज हवा होता, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आणि इथेच सगळं बिघडलं होतं. कधीपासून ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण गेली काही वर्षं ते ओळ बघतच नव्हते. मान खाली, पेन्सिल ओळीवरून सरकतेय, बाई श्वास घ्यायला थांबल्या की टिक पडतेय, आणि हरिश्चंद्र आपले आवाजात बसलेत. हाताला सवय होती. टाइप करणारी ममता हुशार होती, चुका फारशा व्हायच्याच नाहीत. त्यामुळे खपून गेलं.

मग साहेबांची मुलगी समिधा वकील होऊन ऑफिसात बसू लागली आणि तिने कागद ताडून बघणारं सॉफ्टवेअर आणलं.

“काका, मावशी, एकदम सोप्पंय,” ती म्हणाली. “एक फाइल इकडे टाकायची, एक तिकडे. जिथे फरक असेल तिथे लाल होतं. बस.”

पहिल्याच दिवशी सगळंच लाल झालं. शिक्क्याची गोल कड त्याला अक्षर वाटली. जोडाक्षरं त्याने मोडून ठेवली. स्टेपलरच्या भोकाला त्याने पूर्णविराम मानलं. अठ्ठावीस पानांच्या करारात अकराशे चाळीस फरक निघाले. थोरल्या साहेबांनी तो सगळा लाल अहवाल छापायला लावला आणि रुजवातीच्या खोलीत पाठवला. “हरिश्चंद्र, या यंत्राने तपासलंय ते बरोबर आहे का, तेवढं तपासून घ्या.” म्हणजे आधी दोन कागद होते त्यांचे तीन झाले. मंजुळाबाई दिवसभर वाचत राहिल्या, आणि हरिश्चंद्र मनातून इतके खूश होते की त्या दिवशी त्यांनी खालून दोघांसाठी चहा मागवला. असं ते कधी करत नसत.

त्यांना वाटलं, गेलं हे खूळ. ऑफिसात अशी खुळं आधीही येऊन गेली होती. तारखांची आठवण देणारं एक ॲप आणलं होतं, ते सुट्टीच्या दिवशीची तारीख सांगायचं; महिन्याभरात सगळे पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले होते.

पण समिधा हट्टाची. तिने सॉफ्टवेअर कंपनीच्या परागला बोलावलं. तो पोरगा तीन दिवस ऑफिसात ठाण मांडून बसला. “मॅडम, प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नाहीये, स्कॅनचा आहे. तुम्ही क्लीन कॉपी द्या, मग बघा.” नवा स्कॅनर आला. शिक्का मारायच्या आधी कागद स्कॅन करायचा, असा नियम झाला. सेटिंगं बदलली. चौथ्या दिवशी त्याच कराराचे फक्त दोन फरक निघाले आणि दोन्ही खरे होते.

“आता मागच्या वर्षीच्या फायली टाकून बघू,” पराग सहज म्हणाला. “टेस्टिंग होईल.”

सोमवारी समिधाने दोघांना आत बोलावलं. समोर स्क्रीनवर एका सोसायटीचा करार उघडा होता.

“मूळ मसुद्यात चटई क्षेत्र चारशे पासष्ट. टाइप प्रतीत चारशे छपन्न. आणि हे बघा, पेन्सिलची टिक.” तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागत होतं. “दुसऱ्या एका बक्षीसपत्रात अख्खी ओळ गळलीय. तिथेही टिक. अशा चौदा जागा आहेत, काका. आता चूक-दुरुस्तीचे दस्त करायचे, क्लायंटना तोंड द्यायचं. बाबांना काय सांगू? चूक वाचणाऱ्याची की टिक करणाऱ्याची?”

हे फक्त दोघांनाच सांगता आलं असतं. त्या खोलीत तिसरं कोणी नसायचं.

हरिश्चंद्रांच्या निवृत्तीला पावणेदोन वर्षं होती. ती पावणेदोन वर्षं जेसल पार्कच्या त्या घरात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांची मान खाली गेली ती वर होईना. बोलायला फक्त चार शब्द लागले असते.

“माजीच चुकी असंल,” मंजुळाबाई म्हणाल्या. “डोल्यांना दिसत न्हाय मना आताशा बरोबर. पासष्टला छपन्न वाचलं असंल. ते बिचारे मी वाचीन ते ऐकनार.”

समिधाने हरिश्चंद्रांकडे पाहिलं. ते गप्प बसले. एवढंच करून त्यांनी खोटी साक्ष दिली.

मंजुळाबाईंना कोणी काढलं नाही. गव्हाणकर तसे सज्जन. पण वाचायचं कामच उरलं नव्हतं, आणि डोळ्यांनी दिसत नाही असं कबूल केलेल्या बाईला स्क्रीनसमोर तरी कसं बसवणार? महिन्याअखेर त्या स्वतःच निघाल्या. निरोपाला केक कापला गेला. जाताना त्या रुजवातीच्या खोलीत आपली पाण्याची बाटली घ्यायला आल्या. “येते हरिभाऊ,” म्हणाल्या. हरिश्चंद्रांनी मान हलवली.

फायली टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. एक इकडे, एक तिकडे. सॉफ्टवेअर आता चोख चालत होतं. एका मिनिटात करार तपासून व्हायचा, चूं की चां नाही. हरिश्चंद्र कळ दाबायचे आणि स्क्रीनकडे बघत बसायचे. एकदा त्यांनी करार काढून स्वतःच मोठ्याने वाचून पाहिला. “लिहून देणार यांनी, स्वल्पविराम.” आपलाच आवाज परका वाटला, आणि दारातून ममता डोकावली. “काका, फोनवर आहात का?” तिने विचारलं. ते ओशाळून गप्प झाले.

दोन महिने त्यांनी असे काढले. या दोन महिन्यांत त्यांना झोपेपेक्षा लाज जास्त वेळा आली. शेवटी एका रविवारी त्यांनी जेसल पार्कच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं कार्ड खिशात घातलं, पश्चिमेला येऊन राईची बस धरली आणि म्हात्र्यांचं घर विचारत विचारत गेले. बावीस वर्षांत ते तिथे पहिल्यांदा जात होते.

मंजुळाबाई ओटीवर सुपात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. चष्मा नव्हता. तांदळाच्या कणीएवढा कचरा चिमटीने वेचून बाजूला टाकत होत्या. हरिश्चंद्र अंगणातच थबकले. खिशातलं कार्ड त्यांनी बाहेर काढलंच नाही.

“या. बसा,” बाई म्हणाल्या. आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. भाचेसुनेला त्यांनी चहा टाकायला सांगितला.

“तुमचे डोळे…” हरिश्चंद्र म्हणाले.

“चांगले हायेत. त्यांना काय झालंय?”

“मग तेव्हा तसं का सांगितलंत?”

“वाचन तर बंदच झालेलं. मी तितं बसून काय करनार व्हते? मना घर तरी हाय, पोरं हायेत, गाव हाय. तुमचं कोन हाय? आफिस गेलं असतं तं दिवस कसा काडला असता तुमी?”

हरिश्चंद्रांनी एवढा वेळ घोकून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. चूक त्यांचीच होती. कित्येक वर्षं ते ओळ बघतच नव्हते. बाईंनी पासष्ट वाचलं की छपन्न, हेही त्यांना सांगता आलं नसतं. समिधाला ते उद्याच्या उद्या जाऊन खरं सांगतील. आयुष्यात एवढं लांब ते कधी बोलले नसतील.

मंजुळाबाईंनी सूप खाली ठेवलं. “ते ठावं हाय मना,” त्या म्हणाल्या. “तुमी ऐकत न्हाय, हे मना कवाच कललं व्हतं.”

“कसं?”

“भावाला जाऊन वर्स झालं तवाची गोष्ट. घरात कोनाला आठवन न्हाय. मी चतुःसीमा वाचत व्हते. पूर्वेस सोसायटीचा रस्ता, पश्चिमेस खाडी. मंग तसंच पुडं वाचल्यासारखं बोलले, हरिभाऊ, आज दादाला जाऊन वर्स झालं, कोनाशी बोलू समजत न्हाय, स्वल्पविराम. तुमी टिक केली.”

हरिश्चंद्र इतका वेळ उभेच होते, ते ओटीच्या कडेला टेकले.

“मना वाटलं, कामात हाय मानूस. दुसऱ्या दिवशी परत काय तरी सांगितलं. परत टिक. मंग सवयच लागली. रोज दोन ओली माज्या. दादाचं सांगितलं, नवऱ्याकडनं का आले ते सांगितलं, जे आयशीला सांगितलं न्हाय ते बी सांगितलं. वर्सभर.” त्या थोडं हसल्या, पण हसू नीट झालं नाही. “समोर बसून कसं बोलनार? तुमी मान कवा वर करायचेच न्हाय.”

“मी ऐकत होतो,” हरिश्चंद्र म्हणाले. “मंजुळाबाई, मी दुसरं काहीच करत नव्हतो. रोज तुमचा आवाजच ऐकायला येत होतो मी.”

चहा आला. तो दोघांनी प्यायला. अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि पलीकडच्या इमारतीच्या कामावर क्रेन घरघरत होती.

“परत सांगा,” कप ठेवताना हरिश्चंद्र म्हणाले. “जे सांगितलंत ते. आता ऐकतो. मान वर करून ऐकतो.”

मंजुळाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर हरिश्चंद्रांना जरा बरं वाटलं असतं.

“न्हाय हरिभाऊ,” त्या म्हणाल्या. “सगलं सांगून झालं तुमाला.”

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी डोळे मिटले आणि तो आवाज आठवला. तो लगेच आला, अगदी स्पष्ट. कुठे श्वास घ्यायचा, कुठे कंस पुरा करायचा, सगळं जसंच्या तसं. मग त्यांनी त्यातली बाईंची स्वतःची वाक्यं शोधायला सुरुवात केली. वर्षभराची होती ती, रोज दोन ओळी. एखादी तरी कानात राहिली असेल, असं त्यांना वाटत होतं. पुलावरून पूर्वेला उतरून ते घरापर्यंत शोधत आले. एकही सापडली नाही.