सहा सकाळींचं घर

एका दिवसात सहा वेळा सकाळ होणारं घर अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. घर वाकोल्याच्या जुन्या गावठाणात, विहिरीला लागून होतं, आणि त्या सहाही सकाळी एकट्या घरमालकांच्या होत्या. मी त्यांना अंकल म्हणत असे. ते मला ‘कॉलेज’ म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. पण आमच्या घरात कॉलेजात पाऊल ठेवणारा मी पहिलाच, हे मी पहिल्याच दिवशी त्यांना जरा जास्त उत्साहाने सांगून बसलो आणि तेव्हापासून माझं नाव जे मागे पडलं ते पडलंच.

अंकलनी उभं आयुष्य काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यात काढलं होतं. तिथली भट्टी कधी विझत नसे, त्यामुळे तिच्यापुढची माणसंही पाळीपाळीने जागीच असत. या आठवड्यात दिवसा झोपायचं, पुढच्या आठवड्यात रात्री, त्याच्या पुढच्या आठवड्यात कधी ते सुपरवायझर सांगेल. मग एक दिवस ती कधी न विझणारी भट्टी विझली, कारखान्याला टाळं लागलं आणि अंकल झोपेसकट मोकळे झाले. दुसऱ्या कुणी दुसरी नोकरी शोधली असती. अंकलनी मटका धरला. त्या काळी मटक्याचा पहिला आकडा रात्री नऊच्या सुमाराला फुटे, त्याला ओपन म्हणत; दुसरा मध्यरात्री, तो क्लोज. शून्य ते नऊमधला कुठला आकडा येणार ते ओळखायचं, आणि दोन्ही बरोबर आले तर जोडी लागली म्हणायचं. आकडा लावणारे लोक तो स्वप्नात शोधत. साप दिसला, हत्ती दिसला, मेलेला मामा दिसला, की सकाळी उठून त्यावरून आकडा काढत. यात अंकलचं वेगळेपण एवढंच होतं, की त्यांना एका रात्रीत एकच स्वप्न हे फार कमी वाटलं. “एका झोपेत एकच स्वप्न लक्षात राहतं ना रे? मग झोपा सहा कर! बाकीच्यांना एक चान्स, आपल्याला सहा.” आणि लगेच पुढे म्हणाले, “इतकी वर्षं कारखाना माझी झोप तोडायचा आणि पगार द्यायचा. आता झोप मीच तोडतो, पगारही मीच काढतो. यात चूक काय, सांग!” मला चूक सांगता आली नाही. कॉलेजात असूनही मला पुष्कळ गोष्टी सांगता येत नसत.

तर अशी झोपेची सहा तुकड्यांत वाटणी झाली. एक तुकडा क्लोजनंतर, एक पहाटे, एक सकाळी, एक दुपारी, एक उन्हं कलताना आणि एक तिन्हीसांजेला. प्रत्येक तुकड्याला वेगळी जागा. कारण एकाच जागी झोपलं की स्वप्नं एकमेकांत मिसळतात, असं त्यांचं मत होतं. दुपारची झोप आतल्या खाटेवर, उन्हं कलतानाची ओट्यावरच्या आरामखुर्चीत, तिन्हीसांजेची विहिरीजवळच्या बाकावर. तिथे पाणी भरायला येणाऱ्या बायका त्यांना वळसा घालून जात आणि येताजाता शेरे मारत. प्रत्येक झोपेनंतर त्यांची रीतसर सकाळ होई. रीतसर म्हणजे दात घासणं, चूळ भरणं, चहा, पाव, आणि मी समोर दिसलो की “गुड मॉर्निंग, कॉलेज!” संध्याकाळी उन्हात त्यांना तोंडात फेस घेऊन उभं पाहिलं की नवा पोस्टमन आपल्याच मनगटावरचं घड्याळ बघत असे. बोलण्यातही त्यांचा काळ निराळा धावे. मी सकाळी काही म्हटलं असेल तर संध्याकाळी ते म्हणत, “परवा तू बोलला नव्हतास का?” सुरुवातीला मी गोंधळून जायचो. नंतर मलाही ते परवा खरंच पुष्कळ लांबचे वाटू लागले.

या सगळ्यात एक मुख्य नियम होता. गजर झाला की डोळे उघडायचे नाहीत. डोळे उघडले की स्वप्न उडतं. डोळे मिटूनच ते कुणाला तरी सांगायचं, मग आकडा काढायचा आणि मगच उजेड बघायचा. म्हणजे ऐकायला माणूस हवा. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारपासूनच्या झोपा माझ्याकडे आल्या. खाटेशेजारी एक स्टूल होतं. त्यावर मी पुस्तक घेऊन बसायचो, गजर झाला की बंद करायचो आणि विचारायचो, “काय दिसलं?”

एकदा दिसले ते चर्चचे फादर, नारळ घेऊन सायकलवरून निघालेले. “तू शिकलेला आहेस, तू मोज,” अंकल डोळे मिटून म्हणाले. मी प्रामाणिकपणे मोजलं. चाकं दोन, नारळाचे डोळे तीन, फादर एक. झाले सहा. रात्री आकडा आला पाच. दुसऱ्या दिवशी अंकल माझ्यावर रागावले नाहीत, पण गंभीरपणे म्हणाले, “फादरना धरायला नको होतं. फादर जुगारात येत नाहीत.” एखाददुसऱ्या वेळी आकडा लागे आणि त्या दिवशी गल्लीत आम्हा दोघांचा रुबाब असे, पण आकड्यावर त्यांचं पोट भरत होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. नाक्यावरचा पानवाला आकडे घेई. तो अंकल येताना दिसले की ओरडे, “अंकल, आज काय झोपलात?” अंकलनी आकडा सांगितला की बाकावर बसलेले लोक तो एक आकडा सोडून उरलेल्या नऊतून आपला निवडत. अंकलना हे ठाऊक होतं. “म्हणजे माझ्या झोपेचा उपयोग आहेच ना त्यांना!” असं ते म्हणत.

रविवारी त्यांची सकाळची झोप नेमकी चर्चच्या वेळेत येई. चर्च चुकवायचं नाही आणि झोपही चुकवायची नाही, म्हणून ते शेवटच्या बाकावर ताठ बसून झोपत आणि सोबत मला नेत. मी आयुष्यात प्रथमच चर्चमध्ये गेलो तो असा, एका माणसाला उठवायला. सगळे उठून उभे राहिले की मी उभा राहायचो, बसले की बसायचो आणि वेळ झाली की त्यांचा कोपर हलवून कानात विचारायचो, “काय दिसलं?” एका रविवारी पुढच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ हळूच मागे वळले. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, “मला पण सांग रे.”

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की घर मोठं आनंदी होतं. तसं नव्हतं. पूर्वी त्या घरात आंटी आणि त्यांची मुलगी होती. पण ज्या घरात दिवसातून सहा वेळा रात्र होते तिथे मुलीने पाढे कधी म्हणायचे आणि आंटींनी स्वयंपाक कधी करायचा? अंकलच्या दुपारच्या झोपेत आंटींनी बोंबील तळले आणि त्या वासाने स्वप्नात बोंबील शिरून आकडा बिघडला, यावरून शेवटचं भांडण झालं. आंटी मुलीला घेऊन माहेरी गोराईला निघून गेल्या, खाडीपलीकडे. जाताना म्हणाल्या होत्या, “माणसासारखा रात्री झोपायला लागशील तेव्हा सांग.” हे मला शेजारणीने सांगितलं. अंकलचं म्हणणं वेगळं होतं. “एक मोठी जोडी लागू दे. तिच्यासाठी, पोरीसाठी काहीतरी घेतो आणि जातो आणायला. सासुरवाडीला रिकाम्या हाताने जायचं का रे?” म्हणजे आंटी परत याव्यात म्हणून जोडी लागायला हवी होती, जोडी लागावी म्हणून सहा वेळा झोपायला हवं होतं, आणि सहा वेळा झोपत होते म्हणूनच आंटी येत नव्हत्या. हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मी भाडेकरू, त्यातून वयाने लहान. मी स्टुलावर बसून आकडे मोजत राहिलो.

एकदाच मी भीतभीत विचारलं, “आंटींना जाऊन किती दिवस झाले?”

चहात पाव बुडवत ते म्हणाले, “लोकांच्या हिशेबाने आठ महिने.” मग पाव चहातून बाहेर काढून, “माझ्या हिशेबाने चार वर्षं.”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. अधूनमधून एखाद्या झोपेनंतर मी “काय दिसलं?” विचारलं की ते नुसते पडून राहत. डोळे मिटलेले, चेहरा मात्र पूर्ण जागा. पुष्कळ वेळाने म्हणत, “आज कोरं.” त्या दिवशी ते पानवाल्याकडे जात नसत. अशा दिवशी दात घासून झाले की ओट्यावर बसून ते मलाच विचारत, “तू सांग. आज कॉलेजात काय दिसलं?” आणि मी सांगायचो. प्राध्यापक इंग्रजीत काय बोलले, मला त्यातलं किती कळलं, कॅन्टीनमध्ये मी एकटाच कोपऱ्यात कसा बसतो. माझ्या गावाकडच्या माणसांना यातलं काय विचारावं हेच माहीत नव्हतं आणि कॉलेजातल्या मुलांना विचारायची गरज नव्हती. अंकल सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “कोपऱ्यात बसलास ना? म्हणजे चार.”

एका दुपारी मी असाच स्टुलावर वाचत बसलो होतो. अंकलची खाटेवरची झोप चालू होती. दारात आंटी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, पण घरात ज्या सवयीने त्या उंबरा ओलांडून आल्या त्यावरून ओळखलं. मुलीच्या पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचं जेवण होतं, त्यासाठी घरातला मोठा टोप न्यायला त्या आल्या होत्या.

“झोपलाय?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“हो, आंटी.”

“ही कितवी रात्र?”

“चौथी,” मी म्हणालो आणि मला उगीचच लाज वाटली. मी उठून स्टूल त्यांना दिलं. त्या बसल्या. बराच वेळ नवऱ्याकडे पाहत राहिल्या. “वाळला,” एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात गजर झाला. अंकलनी हात लांबवून तो बंद केला आणि डोळे मिटूनच वाट बघू लागले. मी तोंड उघडणार, तोच आंटींनी हात वर करून मला थांबवलं.

“विचार ना रे, कॉलेज,” अंकल म्हणाले. आंटींचा हात अजून वरच होता. तेव्हा ते स्वतःच बोलू लागले. “आज पण तीच. मी कोरं म्हणतो ना, तेव्हा कोरं नसतं. ती असते. होडीत बसलीय, मी धक्क्यावर. होडी येत पण नाही, जात पण नाही. मोजू नको हं. हिच्यावर आकडा नाही लावायचा.”

आंटी म्हणाल्या, “का नाही लावायचा?”

अंकल दचकतील असं मला वाटलं. ते अजिबात दचकले नाहीत. उलट डोळे आणखी घट्ट मिटून मला कुजबुजले, “गप बस, कॉलेज. अजून चालू आहे.”

“काय चालू आहे? डोळे उघड.”

“नाही उघडत. उघडले की तू जातेस.”

“नाही उघडलेस तरी जाणार आहे. भरती बघून होडी सोडतात. मोठा टोप कुठे ठेवलास?”

अंकल क्षणभर विचारात पडले. मग सावकाश डोळे उघडत म्हणाले, “स्वप्नात तू कधी टोप नव्हता मागितलास.”

पुढचं मी नीट पाहिलं नाही. मी बाहेर विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. आतून आधी भांड्यांचा आवाज आला, मग आंटींचा चढलेला आवाज, मग काहीच नाही. थोड्या वेळाने दोघं बाहेर आली. आंटी पुढे, अंकल मागे. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हातांनी टोप छातीशी धरला होता. नाक्यावर पानवाल्याने विचारलं म्हणे, “अंकल, आज काय?” अंकल मान हलवून पुढे गेले. त्यांनी दात घासले नव्हते.

ते परत आले नाहीत. म्हणजे एकदा आले, कपडे न्यायला. मेहुण्याच्या वाडीत भाजीला पाणी घालण्याचं काम त्यांना मिळालं होतं. चेहरा भरला होता. मी विचारलं, “झोप लागते?”

“लागते रे. एकच रात्र असते तिथे. लांबच लांब.” मग अंगणाकडे पाहत म्हणाले, “मधे जाग येते. पण ती दमून झोपलेली असते. मग मी पण डोळे मिटून पडतो.” जाताना त्यांनी गजराचं घड्याळ उचललं, हातात तोललं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “तुझ्या परीक्षेला होईल.”

परीक्षा झाली, कॉलेजही संपलं. पुढे मी त्या घरातून निघालो, नोकरी लागली. आता मी रात्री झोपतो आणि सकाळी उठतो, चारचौघांसारखा. फक्त सुट्टीच्या दिवशी दुपारी कधी डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा माझ्याही नकळत मी डोळे उघडत नाही. खोलीत कुणी नसतं, हे मला माहीत असतं. तरी जे काही दिसलेलं असतं ते जपून धरून मी थोडा वेळ तसाच पडून राहतो. कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.