मायनं उन्हात केलेलं पोस्टकार्ड

कारंज्याच्या स्टेशनावर छोटी गाडी उभी होती आणि माझे बाबा आमच्याकडे पाठ करून बैलांना पाणी दाखवत होते. मळ्यापासून स्टेशनापर्यंत त्यांनीच आम्हाला खाचरातून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, आणलं होतं. ट्रंक त्यांनीच उतरवली, वळकटी त्यांनीच डब्यात चढवली, पण सबंध वाटेत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या तीनेक वर्षं आधीची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि माझे यजमान दिगंबर यांना जबलपूरच्या एका फोटो स्टुडिओनं कामाला बोलावलं होतं. तेव्हा मी नवऱ्याचं नाव घेत नसे, पण लिहिताना घोळ नको म्हणून इथं दिगंबर असंच लिहिते.

आमचा भाजीचा मळा गावाला लागूनच. विहिरीला बारमाही पाणी, वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. दिगंबरना मागंपुढं कोणी नव्हतं, म्हणून बाबांच्या मनात होतं की जावयानं इथंच राहावं, माझ्या भावाच्या शेजारी चार वाफे आपणही करावेत. आदल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "जमीन कधी जागची हलत नाई. मंग तुमी काहून हलून राह्यले?" दिगंबरना फोटोचं वेड होतं आणि मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, बस.

माय मात्र डब्याच्या खिडकीला धरून उभी होती. गाडीनं शिट्टी दिली तशी म्हणाली, "कागद धाडू नोको मले."

"काहून वं?"

"मले वाचता येते काय? वाचाले कोनाले देऊ? साऱ्या गल्लीले तुह्या घरातलं समजन. जावई फोटो काढतेत ना? मंग फोटोच धाड. मी पाहून घेईन."

गाडी हलली. बाबांनी तेव्हाही मान वळवली नाही.

मूर्तिजापूरला मोठी गाडी, मग भुसावळ, इटारसी करत दुसऱ्या दिवशी जबलपूर. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना पहिले दिवस कसे असतात ते सांगायला नको. पहिल्या आठवड्यात मी बाजारात जाऊन सांभार मागितला. भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. "सांभर तो जंगल में मिलेगा, बाई! सींगवाला!" तिकडं सांभर म्हणजे हरणाच्या जातीचं जनावर, आणि आपल्या सांभाराला म्हणायचं धनिया. भाजीवाल्याची मुलगी मी, आणि मला भाजीचं नाव येत नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले.

दिगंबरच्या ओळखीतल्या सहा फोटोवाल्यांनी एक रीत पाडली होती. कोणी इंदूरला, कोणी रायपूरला, कोणी अमरावतीला. महिन्यातून एकदा प्रत्येकानं आपल्या हातानं केलेलं फोटोचं पोस्टकार्ड बाकीच्यांना टपालानं पाठवायचं. छापखान्यातलं कार्ड चालत नसे. तेव्हा एका बाजूला फोटोचा मसाला आणि दुसऱ्या बाजूला पत्त्याच्या रेघा असलेला जाड कागद मिळायचा. त्यावर चित्र उमटवायचं, मागं दोन ओळी लिहायच्या: औषध कोणतं, वेळ किती, काय चुकलं. त्यातले एक होते शिरपूरच्या शाळेतले काशीनाथ गुरुजी. तिथल्या मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंचे फोटो काढता काढता ते यात पडले होते. त्यांची बहीण कारंज्यालाच दिलेली, त्यामुळं त्यांचं तिकडं जाणंयेणं असे. पोस्टमनच्या हातून त्यांचं कार्ड आलं की मला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटे.

मायलाही मी दर महिन्याला एक कार्ड धाडू लागले. आमची चूल, खिडकी, धुणं वाळत घातलेलं अंगण, दारात उभे दिगंबर. मागच्या बाजूला फक्त पत्ता. गुरुजी बहिणीकडे गेले की मळ्यावर चक्कर टाकत आणि माय काय बोलली ते आपल्या पुढच्या कार्डावर आम्हाला कळवत. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, "चुलीपाशी भांडी कमी दिसून राह्यली. घेतली नाई काय?" खरंच, घेतली नव्हती.

दोन वर्षं बरी गेली. मग दिगंबरच्या बोटांना खाज सुटली. आधी आम्ही लक्ष दिलं नाही. पुढं कातडी फाटून रक्त येऊ लागलं, आंघोळीचा तांब्याही धरवेना. डॉक्टर म्हणाले, ज्या औषधानं कागदावर चित्र उमटतं, त्या मेटॉलनंच हे केलंय. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. पुन्हा त्यात हात घालायचा नाही. स्टुडिओच्या मालकानं महिनाभर वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला.

दिगंबर दिवसभर हात मांडीवर उताणे ठेवून बसत. त्यांना कॅमेरा कसाबसा धरता येई, पण फोटो धुता येत नसे, आणि न धुतलेला फोटो काय कामाचा? एकदा मला म्हणाले, "तुझे बाबा बोलले ते बरोबर होतं."

ते वाक्य मला बाबांच्या अबोल्यापेक्षा जास्त लागलं. मी म्हटलं, "हात माझे घ्या. डोकं तुमचं."

आमच्या मागच्या खोलीला खिडकी एकच. तिला घोंगडी ठोकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. भर दुपारी आत मिट्ट काळोख. कंदिलाला लाल काच बसवली. दिगंबर मागं स्टुलावर बसून सांगत आणि मी करत असे. फ्रेममध्ये काच, काचेवर निगेटिव्ह, निगेटिव्हवर कोरं कार्ड. चिमणीची काजळी पुसून तिच्या उजेडापुढं फ्रेम धरायची आणि आकडे मोजायचे. मग कार्ड औषधात सोडायचं. पहिलं कार्ड काळंकुट्ट झालं. दुसरं राखेसारखं. तिसऱ्याच्या वेळी पाण्यातून आधी एक काळी रेघ वर आली, मग खांब, मग खांबाला टेकलेली आमची शेजारीण. मी ओरडलेच, "आली!"

"हायपोत टाक आधी!" दिगंबर मागून ओरडले. हायपोच्या पाण्यात घातलं की उमटलेलं चित्र पक्कं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा आला होता.

त्या महिन्याची फोटोवाल्या मंडळींची कार्डं मी केली. मला वाटलं, मागं दिगंबरचंच नाव घालावं. ते ऐकेनात. दुखऱ्या बोटांत टाक धरून त्यांनी प्रत्येक कार्डावर लिहिलं: "हे कार्ड माझी पत्नी यशोदा हिनं धुतलं. यापुढं तीच धुईल." एकानं, कोणी ते सांगत नाही, बायकांची करमणूक म्हणून हे सुरू केलं नव्हतं असं लिहून कार्डं पाठवणं थांबवलं. बाकीच्यांनी माझ्या चुका काढल्या. कडा मळल्यात, काळा रंग तपकिरी पडलाय, धुणं कमी झालंय. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. चुका काढल्या म्हणजे त्यांनी मला आपल्यात धरलं होतं.

मायला मी यातलं काहीच कळवलं नव्हतं. कार्डं जातच होती. दिगंबर हसताना, दिगंबर वाचताना, सणाच्या दिवशी दोघं. आणि एक दिवस गुरुजींचं कार्ड आलं. पुढं शिरपूरच्या मंदिराच्या पायऱ्या, मागं नेहमीसारखी औषधाची ओळ आणि तिच्याखाली बारीक अक्षरात: "तुमच्या मातोश्री विचारतात, चार फोटोंपासून जावयाचे हात काहून दिसत नाई?"

मीच दर वेळी त्यांना सांगत होते, हात मागं घ्या, शालीखाली घ्या. मायच्या गल्लीतल्या एकालाही ते कळलं नव्हतं. माझ्या निरक्षर आईनं चार कार्डं शेजारी शेजारी मांडून ते वाचलं होतं.

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. मी पांढऱ्या धोतराची घडी पाटावर अंथरली. तिच्यावर दिगंबरचे हात ठेवले, फाटलेले, सुजलेले. शेजारी माझा डावा हात ठेवला, औषधानं नखं काळी पडलेला. उजव्या हातानं कॅमेऱ्याची कळ मी दाबली. ते कार्ड धुऊन मायच्या पत्त्यावर टाकलं आणि त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. बाबा बघतील, म्हणतील, मी सांगितलं होतं. म्हणतील, निघा आणि या परत. एक महिना काही उत्तर नाही. दुसऱ्या महिन्याचेही पंधरा दिवस गेले.

मग एक जाड लिफाफा आला, अक्षर गुरुजींचं. आत एक पोस्टकार्ड. जांभळट तपकिरी जमिनीवर सांभाराची एक अख्खी काडी, पांढरीशुभ्र. पानापानाची कातरी दिसत होती. एका कोपऱ्यात ओल्या अंगठ्याचा डाग. सोबत गुरुजींची चिठ्ठी होती:

"उन्हात आपोआप काळा पडणारा कागद घेऊन मळ्यावर गेलो होतो. तुमचे हात पाहून तुमच्या मातोश्री रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, माह्या पोरीनं केलं ते मले दाखवा. कागदावर सांभाराची काडी त्यांनी स्वतः मांडली, वर काच ठेवली. उन्हात ती तुमच्या वडिलांनी धरली. पाणी त्यांनीच शेंदलं. चित्र उमटलेलं पाहून तुमचे वडील म्हणाले, इतकी मेहनत असते काय याच्यात? मले वाटे, नुसती कळ दाबतेत."

खाली वेगळ्या शाईत गुरुजींनीच लिहून घेतलेला मायचा निरोप होता: "जावयाच्या हाताले खोबऱ्याचं तेल लाव. त्याचं काम तू कर. परत येण्याची घाई करू नोको."

मी ते कार्ड दिगंबरच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "हायपो नीट धुतला गेला नाही. पिवळं पडेल." आणि डोळे पुसले.

त्यानंतर सहा महिन्यांत आम्ही स्वतःचं दुकान टाकलं, पुढच्या खोलीतच. दिगंबर पुरुषांचे फोटो काढत. बायकांचे मी काढू लागले, कारण दुकानात बाई आहे म्हटल्यावर घरंदाज बायका मोकळेपणानं येत. "बाईजी, ज़रा हँस लें?" असं त्या विचारत आणि मी म्हणे, "हँसो, हँसो, हमारा क्या जाता है!" लढाईच्या दिवसांत कागद मिळेना. तेव्हा आम्ही मंडळींनी एका कार्डाचे दोन तुकडे करून काम भागवलं, पण टपाल बंद पडू दिलं नाही. दिगंबरचे हात बरे झाले. मेटॉलला मात्र ते पुन्हा कधी शिवले नाहीत.

लढाई संपल्यावर आम्ही महिनाभर कारंज्याला गेलो. बाबांनी बाजारपेठेत एक खोली पाहून ठेवली होती. उत्तरेकडं खिडकी आहे, फोटोला बरी पडन, म्हणाले. एवढं त्यांनी गुरुजींना विचारून ठेवलं होतं. आम्ही खोली पाहिली. चांगली होती. तिथं दुकान मांडलेलं मी मनात पाहिलं, माय रोज दुपारी येऊन बसलेलीही पाहिली. मन खरंच दोन्हीकडे ओढत होतं.

महिना संपत आला तेव्हा मी मळ्यात मेथी खुडत होते. दिगंबर म्हणाले, गिऱ्हाइकांचे फोटो पडून राहिलेत. मी सहज म्हटलं, "हो, आता घरी गेलं पाहिजे."

माय दोन वाफे पलीकडं होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "घरी म्हन्ली तू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसं नाही माय..."

"मंग कसं?" ती हसत होती. "बरं झालं. मले इतके वर्ष घोर व्हता, पोरगी परक्याच्या दारात राह्यते म्हून."

बाबा विहिरीच्या काठावर बसून ऐकत होते. त्या खोलीबद्दल नंतर ते पुन्हा बोलले नाहीत. मला वाटलं, आता परत तोच अबोला. निघायच्या दिवशी त्यांनी पुन्हा खाचर जुंपलं. मळा मागं पडला तसे वळून म्हणाले, "तुमच्या गल्लीचं नाव काय म्हन्लं?"

इतकी वर्षं ते जबलपूरला नुसतं 'तिकडं' म्हणत आले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी चुकीचं म्हटलं. दिगंबरनी सुधारलं. बैलांच्या पाठीवर हात ठेवून ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, गल्ली, मग पेठ, मग शहर. पिकं निघाल्यावर मायला घेऊन येईन, म्हणाले, आणि स्टेशनावर उतरून कोणाला तरी विचारावं लागेल ना. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते आणि आमचा सगळा पत्ता त्यांना पाठ झाला होता.