हात बाहेर येईपर्यंत

माझा दादा ड्रम वाजवतो. बँडमधले लोक त्याला ठोक्या म्हणतात, आणि हे नाव मी ठेवलेलं आहे. लहानपणी जेवायला बसला की तो ताट वाजवायचा, अभ्यासाला बसला की पाटी, आणि हाताशी काही नसेल तर माझी पाठ. "ठोक्या, जेव मुकाट्याने," असं मी एकदा वैतागून म्हटलं आणि ते चिकटलं. आता पोस्टरवरसुद्धा तेच छापतात. त्याबद्दल माझे आभार कोणी मानलेले नाहीत, पण ते जाऊ दे.

आमचे बाबा नदीकाठच्या आवारात कामाला होते. तिथे होड्या दुरुस्तीला येतात. मीही तिथेच ताडपत्र्या शिवते. हल्ली होडी पाण्यातून वर काढायला मोटार आहे. एक माणूस बटण दाबतो आणि दुसऱ्या हाताने चहा पितो. आमच्या लहानपणी होडी माणसं ओढायची. खाली लाकडाचे गोल ओंडके, दोन्ही बाजूंनी दोर, आणि दोराला लोंबकळलेली माणसं. मुकादम ओरडायचा, "घे, घे, घे." तीन हिसक्यांत होडी पुढे सरकायची आणि मागचा ओंडका मोकळा व्हायचा. तो उचलून पळत पुढे न्यायचा आणि होडीच्या नाकाखाली सरकवायचा, हे बाबांचं काम. सरकवताना त्यांचे दोन्ही हात होडीखाली जायचे. हात बाहेर आले की ते ओरडायचे, "हां." तो हां आल्याशिवाय दोराला कोणी हात लावायचा नाही, मुकादमसुद्धा नाही.

म्हणजे तीन हिसके, मग थांबायचं, मग हां. किती थांबायचं ते ठरलेलं नसे. ओंडका ओला असला की जास्त, जमीन सपाट असली की कमी. एकदा एका नव्या माणसाने घाई केली आणि हां यायच्या आधीच दोर ओढला. बाबांच्या डाव्या करंगळीचं पेर तेव्हा गेलं. बाबांनी त्या माणसाला शिवीही दिली नाही. "नवीन आहे, त्याच्या कानात बसायला वेळ लागेल," एवढंच म्हणाले. मी असते तर दोरानेच बडवला असता त्याला.

दादाच्या कानात मात्र ते लवकर बसलं. शाळा सुटली की आम्ही दोघं रंगाच्या डब्यांवर बसून होड्या बघायचो. मी बघायचे, तो वाजवायचा. पुढे मिसरूड फुटताच तो मोठ्या शहरात गेला, लग्नाच्या बँडमध्ये घुसला, मग तिथून जॅझ वाजवणाऱ्या टोळीत. जॅझ म्हणजे काय ते मला त्याने अनेकदा समजावलं आणि मला ते कळलं नाही. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "अगं, सगळ्यांनी मिळून होडी ओढायची, पण प्रत्येकाने आपापल्या चालीने." हे मला लगेच कळलं.

चौघांचा बँड होता. ट्रम्पेटवाला म्होरक्या, पियानोवर त्याची बायको, बासवर एक उंच, अबोल माणूस, आणि आमचा ठोक्या. एका हॉटेलच्या तळघरात ते वाजवायचे. तिथे दादाने 'ओंडका' नावाची चाल बसवली. तीन ठोके, मग सगळं बंद. ट्रम्पेट ओठांवर तसाच, पियानोवालीचे हात हवेत, बासवाल्याचं बोट तारेवर टेकलेलं, आणि तिघांचे डोळे दादाच्या तोंडाकडे. कधी पटकन, कधी अगदी जीव टांगणीला लागल्यावर दादा झांज मारायचा, आणि सगळे एकदम पुढे. मी एकदा जाऊन ऐकलं. पहिल्याच थांब्याला मला समोर बँड दिसेना, बाबा दिसायला लागले. ऐकणारे थोडेच होते, पण जे होते ते पुन्हा पुन्हा यायचे. बासवाला मला म्हणाला, "ताई, हा थांबतो तेव्हा आम्ही सगळ्यात जास्त वाजवत असतो." तो तेवढंच बोलला, पण त्या माणसाच्या मानाने ते भाषणच होतं.

त्या तळघरात एके दिवशी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा माणूस आला. वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला कोणाला नावं ठेवू. त्याला चाल मनापासून आवडली. फक्त तो म्हणाला, "लोकांनी नाचायचं कुठे? पाय उचलला की खाली ठेवायला जमीनच नाही. तेवढी जमीन घाला." ट्रम्पेटवाल्याला ते पटलं. त्यांचं तळघर बंद व्हायच्या बेतात होतं आणि त्याच्या घरात तीन पिढ्या त्या एका ट्रम्पेटवर जेवत होत्या. दादा आधी नाही म्हणाला, मग विचार करतो म्हणाला, आणि मग हो म्हणाला. मला त्याचं 'विचार करतो' लहानपणापासून माहीत आहे. ते म्हणजे हो, फक्त लाजत लाजत.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. दादाने चालीत वापरायला म्हणून बाबांचा हां फोनवर टिपून नेला होता. त्यासाठी बाबांनी स्वयंपाकघरात उभं राहून, चांगला शर्ट घालून, दोनदा घसा खाकरून तो दिला होता. कंपनीच्या माणसाने तो ऐकला आणि खूश झाला. त्याने संगणकावर तो हां कापला आणि बरोबर चौथ्या ठोक्यावर चिकटवला. घे, घे, घे, हां. घे, घे, घे, हां. थांबा गेला. जमीन आली.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. रिक्षात तेच, दुकानात तेच, शाळेच्या संमेलनात तेच. मी पहिल्यांदा ऐकलं ते भाजी घेताना. खोटं कशाला बोलू, माझेही पाय हलले. मग हां आला आणि माझे पाय थबकले. मी तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, हां लवकर आलाय."

त्याला बोलू न देता मीच पुढे म्हटलं,

"अरे, बाबांचे हात अजून आत आहेत."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तू नको सांगूस."

मला वाटलं, बाबा ऐकतील तेव्हा मोडून पडतील. कसलं काय. गाण्यात आपला आवाज आहे हे कळल्यावर म्हातारा हवेतच गेला. शेजारी, वाणी, केस कापणारा, सगळे म्हणायचे, "काका, एकदा हां द्या ना." आणि काका भाव न खाता द्यायचे. दुपारी जेवण झालं की फोन कानाशी धरून बसायचे आणि गाण्याबरोबर मान हलवत प्रत्येक हांला हां मिळवायचे. आवारातल्या मोटारीवर बसणाऱ्या पोराने तर तेच गाणं लावून होड्या वर काढायला सुरुवात केली. मी आतून चरफडायचे, पण बाबांच्या तोंडावरचा आनंद बघून मूग गिळून बसायचे. इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं होतं? होडी वर आली की शाबासकी मुकादमाला, ओंडकेवाल्याला कोण विचारतो.

दादा मात्र आतून पोखरला गेला. अपराधी माणूस हात हलवत येत नाही, हे मी त्याच्यावरून शिकले. कधी बाबांना उबदार जाकीट, कधी नवे बूट, कधी पाठ चेपणारी खुर्ची. त्या खुर्चीने बाबांची पाठ बिघडली ते वेगळं. जेवताना बाबांचा डावा हात ताटाशी आला की दादा पाण्याच्या तांब्याकडे बघायचा. कोणी गाण्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा. मी त्याला चिडवायचे, "एवढा मोठा कलाकार, आणि स्वतःच्याच गाण्याला घाबरतो." तो हसायचाही नाही.

एका रविवारी आम्ही दोघं भांडी पुसत होतो. बाहेरच्या खोलीत बाबा फोन लावून बसले होते, हां देत होते. दादाने हातातलं ताट खाली ठेवलं.

"ताई," तो म्हणाला. मी त्याच्यापेक्षा लहान आहे, पण काही मागायचं असलं की तो मला ताई म्हणतो. "मला एकच हवंय. बाबा आहेत तोवर त्यांना एकदा ते नीट ऐकवायचंय. थांब्यासकट. त्यांचा हात बाहेर येईपर्यंत मी थांबलो, हे त्यांना ऐकू आलं पाहिजे."

"मग सांग ना त्यांना तसं."

"सांगून काय होतं? तुमचा हां मी विकला, असं सांगू?" त्याने ताट पुन्हा उचललं. "मोटार आली, मुकादम गेला, दोर कुजले. तो थांबा आता माझ्या मनगटात तेवढा उरलाय. आणि खरं सांगू? गेल्या महिन्यात एकटाच वाजवून बघितलं. हात आपोआप चौथ्यावर पडला."

मला त्याचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते, तशी आपटली.

त्यानंतर त्याने हट्टच धरला. आमच्या गावच्या सभागृहात बँडचा दुपारचा कार्यक्रम ठरला, तेव्हा दादाने ट्रम्पेटवाल्याला बजावलं की इथे 'ओंडका' जुन्या पद्धतीने होईल, आणि तो टिपलेला हां अजिबात लावायचा नाही. भांडण झालं. ट्रम्पेटवाला म्हणाला, "लोक गाणं ऐकायला येतात, तुझं घरचं दुखणं ऐकायला नाही." शेवटी बासवाला मध्ये पडला. "एकदा वाजवू," म्हणाला. तो बोलला म्हणजे विषय संपला.

मी बाबांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. दादाने दिलेलं जाकीट उकाड्यातही अंगावर होतं, काढायला तयार नव्हते. सभागृह गच्च भरलं होतं. आवारातले सगळे आले होते. इतर चाली झाल्या, टाळ्या झाल्या. मग दादाने ते तीन ठोके दिले आणि लोकांनी ओळखून एकच गलका केला.

पहिल्यांदा सगळे नाचायच्या तयारीत होते. घे, घे, घे. दादाचे हात वर थांबले. ट्रम्पेट थांबला, पियानो थांबला. मी बाबांकडे वळले.

आणि अख्ख्या सभागृहाने एका आवाजात हां दिला. रेकॉर्डवर येतो तिथेच, बरोबर चौथ्यावर.

दादाने झांज मारली नाही. तो थांबून राहिला, लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग त्याने स्वतःच्या वेळेला झांज मारली. पुन्हा तीन ठोके, पुन्हा तो थांबला, आणि पुन्हा लोकांनी तो थांबा भरून टाकला. हां. हां. टाळ्यांसकट. दादा प्रत्येक वेळी जास्त थांबत होता, घामाने निथळत होता, आणि लोक तितक्याच जोरात, तितक्याच वक्तशीरपणे ओरडत होते. त्याने लोकांवरून नजर काढली आणि फक्त बाबांकडे बघायला लागला. मीही बघितलं. बाबा उभे राहिले होते. दोन्ही हात उंचावून, मान ताठ करून, ते लोकांबरोबर ओरडत होते. पहिल्या रांगेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. लोकांच्या आधी किंवा नंतर नव्हे. चौथ्यावर.

दादाच्या खांद्यांतून काहीतरी निघून गेलेलं मला तिथूनही दिसलं. पुढच्या खेपेला तो थांबला नाही. चौथ्यावरच वाजवलं त्याने, आणि सभागृह नाचायला लागलं.

कार्यक्रमानंतर आम्ही मागच्या खोलीत गेलो. दादा एका पेटीवर बसला होता, काठ्या अजून हातातच होत्या. बाबा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बँडवाल्यांसमोर नको होतं. म्हणून ते वाकले आणि हळूच बोलले. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"सुरुवातीला गडबडलास ना रे? ठोका विसरलास. मला लगेच कळलं. म्हणून तर मी उभा राहून हां देत होतो, की तू सावरशील."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. गाणं आल्यापासून पहिल्यांदा त्याने नजर चुकवली नाही.

"चुकलो, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे," ते म्हणाले. "लोकांना काही कळलं नाही."