माइक माझ्या हातात होता

गेल्या रविवारी आमच्या राजुरीत कबड्डीच्या मॅचेस झाल्या आणि माझ्या हातून एक चूक झाली. तुम्हाला छोटी वाटेल, पण चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये...

आमच्या आळीत बबनतात्या राहतात. कबड्डी खेळून पगार मिळतो हे गावात कुणाला खरं वाटायचं नाही, त्या काळात मुंबईच्या एका कंपनीने त्यांना फक्त खेळण्यासाठी नोकरीवर घेतलं होतं. सकाळी मस्टरवर सही, मग दिवसभर मैदान... तात्यांनी घोटा धरला की चढाईला आलेला गडी परत जायचा नाही म्हणतात.

पुढे गुडघा गेला. कंपनीने स्टोअरमध्ये बसवलं, नंतर कंपनीच बंद पडली आणि तात्या गावी येऊन टोमॅटो लावायला लागले. त्या दिवसांचा एकच फोटो उरलाय, त्यातही त्यांचा चेहरा अर्धाच आलाय.

यंदा सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कारण मला बोलायची भारी हौस. मीच तात्यांकडे गेलो, म्हटलं तुमचा सत्कार करायचाय. ते म्हणाले, "शालबिल नको राव. फकस्त फायनलच्या आधी मला मैदानात बोलव." मी म्हटलं, त्यात काय...

रविवारी तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुपारी दोनलाच येऊन बसले. मग पाहुणे यायला लागले. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाचं भाषण, आणि चिठ्ठीवरची नावं वाढतच चाललेली... मी आपला रंगात आलेलो. आधारस्तंभ काय, भाग्यविधाते काय, कुणाला कमी पडू दिलं नाही.

अंधार पडायच्या आत फायनल उरकायची होती. पंचांनी खूण केली आणि मी लगेच दोन्ही टीम बोलावल्या. तात्यांचं नाव चिठ्ठीत सगळ्यात खाली होतं, ते तसंच राहिलं... मॅच संपल्यावर ते खुर्चीला धरून उठले आणि निघून गेले. मी बघितलं, पण तेव्हा मी बक्षिसांची नावं पुकारत होतो.

दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शाल ठेवून घेतली, चहा पाजला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग सहज म्हणाले, "आरं, आमी सारी जिंदगी मातीत खेळलो. गुडघं, कोपरं सोलून निघायची. तुमी औंदा ती भाड्याची मॅट आणली ना... तिच्यावर एकदा अनवाणी हुबं ऱ्हायचं व्हतं. बाकी काय न्हाई."

मी तसाच उठून मैदानावर गेलो. मॅट सकाळीच टेम्पोत भरून आंबेगावकडे दुसऱ्या गावच्या स्पर्धेला गेली होती.

तिथूनच तात्यांना फोन लावला. म्हटलं, गाडी काढतो, आपण तिकडे जाऊ. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. तिथं मला कोण वळखतंय? आपल्या गावानं बघायला पायजे व्हतं."

सगळ्या गावासमोर जे करायचं होतं, ते मी शाल-नारळावर घरात उरकायला निघालो होतो... तात्या, चुकलो मी. निदान ही माफी तरी सगळ्यांसमोर मागतोय.